चौथे वर्ष वस्तीत

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसते ‘सेटलमेंट’ म्हटले तरी तो पुढचा पत्ता न विचारता निघतो. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आणि पुढे क्रमांक, असे पत्ते आजही तिथे चालतात. त्या भागात वाढलेल्या मुलांना या नावामागचा इतिहास आजी-आजोबांकडून कळलेला असतो. शहराच्या इतर पेठांतून किंवा मोहोळ, बार्शी, अक्कलकोटहून एसटीने कॉलेजला येणाऱ्या मुलांच्या कानावर मात्र तो बहुधा समाजकार्याच्या वर्गातच पहिल्यांदा पडतो. समाजकार्य हा प्रमुख विषय घेऊन चार वर्षांची ऑनर्स पदवी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक आहे. त्याची सुरुवात मी सेटलमेंटपासून करतो आहे, कारण या विषयातला सर्वांत अवघड धडा सोलापूरकरांच्या दाराशीच आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप आले. कैकाडी, पारधी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींवर जन्मासोबतच गुन्हेगारीचा शिक्का बसला. या लोकांना तारेच्या कुंपणात वसवायचे, ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची, बाहेर जायचे असेल तर पास द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक सोलापुरात उभी राहिली. शहरात गिरण्या होत्या आणि गिरण्यांना माणसे हवी होती. कुंपणातली माणसे गिरणीत कामाला जात आणि पाळी संपली की हजेरीला परत येत. ज्यांची वागणूक चांगली ठरे, त्यांना तारेबाहेरच्या वस्तीत राहायची परवानगी मिळे. फ्री कॉलनी हे नाव तिथून आले.

सोलापूरची ही वसाहत चालवण्याचे काम सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवले होते. मिशनच्या लोकांनी तिथे शाळा चालवली, मुलांना अक्षरओळख करून दिली, कामधंद्याला लावले. वसाहतीला नाव दिले उमेदपूर. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात खरोखरच भले करण्याची इच्छा होती, याबद्दल मला शंका नाही. आणि म्हणूनच विद्यार्थ्याने हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचले पाहिजे. फळ्यावर मुळाक्षरे लिहिणारा आणि हजेरीपट धरणारा, दोघे एकाच व्यवस्थेचे नोकर होते. ज्यांची सेवा चालली होती त्यांना ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. विचारले असते तर पहिले उत्तर ‘ही तार काढा’ हेच आले असते. ती तार ज्या कायद्याने आली, तो देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. हा दिवस भटके-विमुक्त समाज आजही विमुक्त दिन म्हणून पाळतो.

आता याच मिशनची दुसरी हकिकत. अमेरिकन मराठी मिशनतर्फे क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे एक पाद्री १९२० च्या दशकात मुंबईला आले आणि नागपाड्याच्या गरीब, दाट वस्तीत त्यांनी नेबरहुड हाउस चालवायला घेतले. वस्तीत राहून काम करणारी माणसे शिकून तयार झाली पाहिजेत, ही कल्पना तिथे रुजली. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीने पैसा दिला आणि १९३६ साली नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. १९४४ साली त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. भारतातले समाजकार्याचे पदवी-शिक्षण इथून सुरू होते. म्हणजे सोलापुरात हजेरी घेणारी आणि नागपाड्यात या शिक्षणाचा पाया घालणारी संस्था एकच होती. आपल्या विषयाच्या जन्मदाखल्यावर या दोन्ही नोंदी आहेत, आणि त्यांतली एकच वाचून कोणी पदवी घेऊ नये.

सेवा करणाऱ्याच्या हातात अधिकार असतो. अर्ज पुढे पाठवायचा की थांबवायचा, मूल आईकडे द्यायचे की बालगृहात, घरभेटीच्या अहवालात ‘सहकार्य करत नाहीत’ असे लिहायचे की ‘घाबरले आहेत’ असे, हे तो ठरवतो. त्याच्या एका वाक्याने एखाद्या कुटुंबाची दोन-चार वर्षे इकडची तिकडे होतात. कनवाळूपणा प्रत्येकाने घरून आणलेला असतो आणि तो हवाच, पण त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. विद्यापीठात शिकायचे ते या अधिकाराबद्दल. तो कुठून येतो, कसा वापरला जातो, त्याला लगाम कोण घालतो. माझ्या दृष्टीने हाच या विषयाचा गाभा आहे आणि या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण कुठून ना कुठून तिथेच येऊन पोहोचते.

सोलापूर जिल्ह्याकडे दुसरीही परंपरा आहे. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी बालकाश्रम काढला. विधवांवर आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांवर त्या काळी जी वेळ येई, तिच्यातून भ्रूणहत्या होत, अर्भके टाकली जात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ साली जे काम आरंभले होते, तेच इथे भूवैकुंठात, क्षेत्राच्या गावी, कर्मठांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. प्रार्थना समाजाने ते पुढे नेले आणि वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने तो आश्रम ओळखला जाऊ लागला. आषाढीला लाखो माणसे पंढरपूरला जातात; समाजकार्याच्या विद्यार्थ्याने एकदा वारी नसतानाच्या दिवसांत जाऊन हे काम पाहून यावे.

आता ऑनर्सकडे वळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे. त्यानुसार महाराष्ट्रात पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात तीन वर्षांची पदवी १३२ श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स १७६ श्रेयांकांची आहे. चौथ्या वर्षी दोन वाटा आहेत : नुसती ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स. दुसरीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवलेले असावेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अट आहे. ऑनर्स झाल्यावर पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता येते. प्रमुख विषयाबरोबर गौण विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण अशी पुष्कळ दालने या रचनेत आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या पालकांना हा तक्ता समजावून सांगताना प्राध्यापकांची दमछाक होते, हे मी पाहतो.

त्या ७५ टक्क्यांच्या अटीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. रात्रपाळीला यंत्रमागावर उभा राहून सकाळी कॉलेजला येणारा मुलगा सोलापुरात दुर्मीळ नाही. आईबरोबर विड्या वळून मग परीक्षेला बसणारी मुलगीही नाही. त्यांचे गुण साठ-पासष्टवर थांबतात आणि संशोधनाचा रस्ता बंद होतो. ज्या घरांबद्दल हा विषय आहे, त्या घरांतली मुले त्या विषयाच्या संशोधनातून अशी गळत गेली, तर नुकसान विषयाचे आहे. अट बदलणे कॉलेजच्या हातात नाही. पण नुसत्या ऑनर्सच्या वर्षालाही क्षेत्रकार्याचे संशोधनाइतकेच गंभीर काम जोडणे प्राध्यापकांच्या हातात नक्की आहे.

श्रेयांकांचा हिशेब एकदा नीट मांडू. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण म्हणजे १२० तास. दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवस. समाजकार्याच्या जुन्या शिक्षणात आठवड्याचे दोन दिवस, वर्षभर, क्षेत्रकार्याला दिलेले असत. त्याबरोबर मार्गदर्शक प्राध्यापकाशी आठवड्याची बैठक, गटचर्चा, संस्थाभेटी, वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर आणि शेवटी सलग काही आठवड्यांचे काम. इतर विषयांना वीस दिवसांचा अनुभव पुरेसा वाटू शकेल. आपल्या विषयात वीस दिवसांत वस्तीतली कुत्री भुंकायची थांबतात, एवढेच. माणसे बोलायला त्यानंतर लागतात. म्हणून समाजकार्य प्रमुख विषय असलेल्या मुलांनी नव्या रचनेतल्या क्षेत्रप्रकल्पाचे, समुदाय सहभागाचे आणि कामावरच्या प्रशिक्षणाचे सगळे तास शक्यतो एकाच वस्तीत घालवावेत, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्या वर्षी वस्ती निवडावी आणि चौथ्या वर्षापर्यंत ती सोडू नये. दरवर्षी नवी संस्था, नवे प्रमाणपत्र, नवा फोटो, ही सवय सुरुवातीलाच मोडावी.

कोणती वस्ती? सोलापूरच्या विद्यार्थ्यापुढे निवडीची अडचण नाही. सेटलमेंट आहे. बंद पडलेल्या गिरण्यांच्या चाळी आहेत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतले चादर-टॉवेलचे कारखाने आणि त्यांच्या आसपासची भाड्याची घरे आहेत. ऊसतोडीच्या हंगामात तालुक्या-तालुक्यांत कारखान्यांच्या भोवती पडणारे कोप्यांचे तळ आहेत. पण उदाहरणासाठी मी पूर्वभाग घेतो, कारण माझे बरेचसे शिकणे तिथे झाले.

सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगूभाषक पद्मशाली समाजाची वस्ती दाट आहे. पुरुष मागावर आणि बायका विडीवर, असा या घरांचा पूर्वापार हिशेब. विडीच्या कारखान्याची ब्रँच गल्लीत किंवा जवळच्या रस्त्यावर असते. तिथून बाई तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन येते. पाने भिजवायची, साच्याच्या मापाने कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचे, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचे. मजुरी हजारावर. दुसऱ्या दिवशी माल ब्रँचला द्यायला जायचे. तिथे तपासणारा हाताने चाचपून काही विड्या छाटात काढणार, त्यांचे पैसे नाहीत. पाने कमी पडली तर पदरची विकत घ्यायची. शाळेतून आलेली मुलगी टोके मुडपायला बसते आणि त्याला घरात कोणी बालमजुरी म्हणत नाही. तंबाखूची धूळ त्याच खोलीत, स्वयंपाकही त्याच खोलीत.

या घरात विद्यार्थिनी पहिल्यांदा जाते तेव्हा तिचा अहवाल कसा असतो, हे समाजकार्याचा कोणताही प्राध्यापक सांगू शकेल. ‘महिलांमध्ये आरोग्याविषयी जाणीव कमी आहे. शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही. मार्गदर्शनाची गरज आहे.’ दरवर्षी, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, हीच तीन वाक्ये येतात. मग विचारावे लागते : जाणीव कमी आहे हे तुला कशावरून दिसले? कोण काय म्हणाले? तू कोणता प्रश्न विचारलास आणि कुठल्या भाषेत? त्या वेळी बाईच्या हातात काय होते?

ती परत जाते. आता प्रश्नावली पिशवीतच ठेवते आणि विडी वळणाऱ्या अक्काच्या शेजारी भुईवर बसते. तेव्हा तिला कळते की खोकल्याबद्दल या बाईला सगळे ठाऊक आहे. कुठल्या ऋतूत वाढतो, कुठल्या तंबाखूने जास्त येतो, जावेला झालेला क्षय कसा सुरू झाला होता, तेही. दवाखानाही माहीत आहे. पण ओपीडीची वेळ आणि ब्रँचला माल द्यायची वेळ एकच आहे. माल चुकला तर दुसऱ्या दिवशीची पाने मिळत नाहीत. पुढच्या अहवालात ‘जाणीव’ हा शब्द नसतो, वेळापत्रक असते. माझ्या मते या मुलीचे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले. तिने समाजाची उणीव लिहिण्याऐवजी व्यवस्थेतली अडचण लिहिली, आणि अडचण लिहिता आली की ती कुणाकडे न्यायची हेही सुचायला लागते.

तिथून पुढे वाचन खरे उपयोगी पडते. विडी आणि सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा १९६६ सालचा. त्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ओळखपत्राचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा रस्ता मोकळा झाला. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत द्यायची, अशी ती योजना. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला; पुढचा खर्च सरकारी अंदाजपत्रकातून करायचा ठरले. मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे का आले नाहीत, असे अक्का विचारते तेव्हा उत्तराचे एक टोक गल्लीतल्या ब्रँचला आणि दुसरे दिल्लीच्या करकायद्याला बांधलेले असते. ही दोन्ही टोके एका प्रबंधात आणणे, हे मी ऑनर्सचे काम समजतो.

आणि पूर्वभागाने सोलापूरला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. शहराबाहेर कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, दहा हजार घरांची. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, वर्गणी भरली, सरकारला हिस्सा द्यायला लावला. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तिथेच रे नगर आले. ३० हजार घरांचा तो प्रकल्प, त्यांतल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आल्या. या वसाहतींकडे कोणी कोणत्याही राजकीय चष्म्यातून पाहो. समाजकार्याच्या विद्यार्थ्यासाठी महत्त्वाचे हे की घर हवे, ही मागणी ज्यांना घर हवे होते त्यांनीच केली होती. सेटलमेंट आणि कुंभारी, दोन्ही वसाहती गरीब कष्टकऱ्यांसाठी आखून बांधलेल्या. एकीत राहणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते, दुसरीत राहणाऱ्यांनी विचारल्याशिवाय ती झालीच नसती. या दोहोंच्या मधल्या अंतरात आपला सगळा अभ्यासक्रम बसतो.

कुंभारीची घरे झाली म्हणून प्रश्न संपले, असे मात्र कोणी लिहू नये. शहरापासून लांब गेलेल्या बाईला ब्रँच कुठे मिळते? बसचे भाडे मजुरीतून गेले तर हातात काय उरते? घर कुणाच्या नावावर आहे आणि त्यामुळे घरातल्या बोलण्यात काही फरक पडला का? मुलगी आठवीनंतर शाळेत किती लांब जाते? चौथ्या वर्षाच्या प्रबंधाला यांतला एकेक प्रश्न पुरेल. ‘सोलापूर शहरातील महिलांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ अशा मथळ्याचे प्रबंध ग्रंथालयात पुष्कळ आहेत आणि ते कुणी उघडत नाही. एका गल्लीचा, एका बसमार्गाचा, एका दवाखान्याच्या ओपीडीचा अभ्यास करणारा विद्यार्थी मला जास्त विश्वासाचा वाटतो.

भाषेबद्दल थोडे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच चौकात ऐकू येतात. मराठी प्रश्नावली घेऊन पूर्वभागात गेलेल्या मुलाला उत्तरे मराठीतच मिळतात, पण ती पाहुण्याला द्यायची उत्तरे असतात. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, कर्जाबद्दल माणूस घरच्या बोलीत बोलतो. प्रत्येकाला चार भाषा येणार नाहीत. पण वर्गात त्या भाषा घरून आणणारी मुले बसलेली असतात, आणि बऱ्याचदा ती आपले तेलुगू-कन्नड लपवतात. त्यांना जोडीदार म्हणून सोबत न्यावे, त्यांचे नाव अहवालावर बरोबरीने लिहावे. माझ्या पाहण्यात उत्तम क्षेत्रकार्य करणारी मुले बहुतेक अशाच घरांतली होती.

वस्तीत केलेल्या लहान कामातून केवढे उभे राहते, याची दोन उदाहरणे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावीत. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईचे ऐकून घ्यायला पोलीस ठाण्यातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली पाहिजे, एवढीच ती कल्पना. आज ते कक्ष राज्यभर आहेत. १९९६ साली त्याच संस्थेतून मुंबईत १०९८ हा क्रमांक सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलांना मदतीसाठी फुकट फोन करता यावा, म्हणून सुरू झालेली ही चाइल्डलाइन पुढे देशभर पोहोचली. दोन्ही कामे रस्त्यावर आणि ठाण्यात माणसांशी बोलता बोलता सुचलेली. त्याच संस्थेचे ग्रामीण आवार आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला आहे. तिथला ग्रामविकासाचा भर सोलापूरच्या मुलांनी जवळून पाहावा.

पालकांचा प्रश्न नोकरीचा असतो आणि तो रास्त आहे. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतो. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधण्यापासून महागड्या शस्त्रक्रियेसाठी योजनांचा मेळ घालण्यापर्यंतची कामे त्याच्याकडे येतात. महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने या पदांना कायद्याचे बळ दिले. एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक आहेत. स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक निधी आहेत. यांतली पुष्कळ पदे कंत्राटी आहेत, पगार उशिरा होतात, हेही पालकांना तोंडावर सांगितले पाहिजे. वकिलांना किंवा परिचारिकांना असते तशी समाजकार्याची वैधानिक परिषद आपल्या देशात अजून नाही, त्यामुळे पदवी नसलेला माणूसही या पदांच्या आसपास वावरतो आणि पदवीधराचे मोल कमी होते. ही लढाई या पिढीला लढावी लागेल. तिच्यासाठी सर्वांत चांगला पुरावा म्हणजे पदवीधराने केलेले काम इतरांच्या कामापेक्षा वेगळे आणि जास्त जबाबदारीचे आहे, हे कागदावर दाखवता येणे.

म्हणून या पुस्तकात क्षेत्रकार्याच्या अहवालाला इतकी पाने दिली आहेत. व्यक्तीबरोबरचे काम, गटाबरोबरचे काम आणि समुदाय संघटन, ही तिन्ही प्रकरणे अहवालांच्या अंगाने लिहिली आहेत. सिद्धान्त त्यांच्या मधे-मधे येतो, कारण तो तसाच समजतो. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल २००८ साली दिला. रेणके सोलापूरचे. तो अहवाल संशोधनाच्या प्रकरणाआधी वाचावा. ज्या समाजांची एकेकाळी हजेरी घेतली गेली, त्यांची परिस्थिती भटक्या समाजातूनच आलेला माणूस देशभर फिरून मांडतो, तेव्हा प्रश्नांचा क्रम कसा बदलतो, ते त्यात पाहण्यासारखे आहे.

संमतीविषयीचे प्रकरण लहान आहे, पण वगळू नये. घरभेटीत फोटो काढण्याआधी विचारावे, आणि ‘काढा की’ म्हणणाऱ्या बाईला तो फोटो कुठे लागणार हेही सांगावे. नाव, गल्ली, आजार आणि नवऱ्याचे व्यसन एकाच परिच्छेदात आले तर शेजारी त्या बाईला ओळखतात, मग नाव बदलले तरी उपयोग नाही. आत्महत्येचा विचार, मुलावरचा अत्याचार अशी गोष्ट कानावर आली तर ती अहवालासाठी राखून न ठेवता त्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगावी. १०९८ कधी लावायचा, संरक्षण अधिकाऱ्याकडे कसे जायचे, हे त्या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिले आहे.

प्रबंध पूर्ण झाला की त्याच्या तीन प्रती कॉलेजला द्याव्या लागतात. चौथी प्रत वस्तीसाठी काढावी. ऐंशी पानांची बांधीव प्रत तिथे कोणी वाचणार नाही, म्हणून तिचा चार पानांचा सारांश मराठीत आणि जिथे गरज आहे तिथे तेलुगूत किंवा कन्नडमध्ये करावा, आणि संध्याकाळी माल देऊन बायका मोकळ्या झाल्या की मोठ्याने वाचून दाखवावा. ‘हे चुकीचे लिहिले आहे’ असे कोणी म्हणाले, तर तो आक्षेप म्हणणाऱ्याच्या शब्दांत परिशिष्टात घालावा. मौखिक परीक्षेला बसताना विद्यार्थ्याने तेच पान सर्वांत आधी उघडावे आणि परीक्षकांनीही पहिला प्रश्न त्याच पानावर विचारावा, अशी माझी दोघांनाही विनंती आहे. परिशिष्टाचा नमुना पुस्तकाच्या अखेरीस जोडला आहे. त्यातली आक्षेपांची जागा मुद्दाम मोठी ठेवली आहे.